मिस्टर हुडाक यांची पोटदुखी

परीक्षा दुसऱ्याची असली की माणसाला भलताच हुरूप येतो. शाळेत असताना माझ्या स्वतःच्या परीक्षांसाठी मी कधी पेन्सिलीला नीट टोकसुद्धा केलं नाही. पण मुलीच्या परीक्षेसाठी मी गावचा फायर हॉल, मतदानाचे पडदे, चर्चमधल्या बायका आणि आगीचा बंब एवढं सगळं कामाला लावलं, आणि शेवटी पाठीमागून उघडा असलेला कागदी झगा घालून मार्चच्या थंडीत स्टुलावर बसलो. ही हकिगत गावात लोक आपापल्या परीने सांगतात, आणि तिच्यात मी फार मूर्ख दिसतो. माझ्या तोंडून ऐकलीत तर थोडा कमी दिसेन, एवढीच आशा आहे.

माझी मुलगी रेनाटा दातांची डॉक्टर आहे. हे वाक्य मी जिथं तिथं म्हणत असे, आणि खरं तर ते तिथंच संपायला हवं होतं. पण तिला नुसते दात पुरले नाहीत, तिला अख्खा जबडा हवा होता. तोंडाची आणि जबड्याची मोठी ऑपरेशनं करणारे जे सर्जन असतात, त्यांच्या शिक्षणाची एक तऱ्हा अशी आहे की दातांची पदवी घेतलेल्या माणसाला हॉस्पिटलात घेतात आणि मधेच उचलून मेडिकल कॉलेजात नेऊन बसवतात. म्हणजे एकदा डॉक्टर झालेल्या माणसाने पुन्हा डॉक्टर व्हायचं, आणि बाकीच्या डॉक्टरांना परवान्यासाठी ज्या परीक्षा द्याव्या लागतात त्या सगळ्या द्यायच्या. सहा वर्षांचा मामला. माझा शेजारी स्टॅश जन्मभर पोस्टमन होता, त्याला हिशेबाची आवड. तो म्हणाला, "माणसाला दात बत्तीस. म्हणजे दर दाताला सव्वादोन महिने पडतात. लेन, तुझ्या पोरीला म्हणावं अक्कलदाढा सोडून दे, नऊ महिने वाचतील."

लेखी परीक्षा तिने सहज मारल्या. अडली ती एका भलत्याच परीक्षेत. तिच्यात पुस्तकाचं काम नाही. ओळीने खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीत एक खोटा पेशंट, म्हणजे पगारी नट, बसलेला असतो. दारावर टकटक करायची, नाव सांगायचं, हात धुवायचे, काय होतंय ते विचारायचं, तपासायचं, धीराचे दोन शब्द बोलायचे, आणि घंटा झाली की असाल तिथून उठायचं. घंटेनंतर एक शब्द जास्त चालत नाही. बाहेर येऊन टिपण लिहायचं, आणि तेवढ्यात तो नट आत बसून तुम्ही काय केलं, काय नाही, याच्या खुणा करणार. रेनाटा नोव्हेंबरात फिलाडेल्फियाला जाऊन ही परीक्षा देऊन आली आणि नापास झाली. ज्ञान पुरेसं आहे, पेशंटशी बोलणं कमी पडतं, असा निकाल.

आई जाऊन महिना झाला नव्हता, दुसरं काय होणार, असं बर्निस म्हणाली. बर्निस माझ्या दुसऱ्या बाजूच्या घरात राहते. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे दुःखाच्या खात्यात ती मला ज्युनियर समजते. पण रेनाटाला हे कारण मान्य नव्हतं. ती म्हणाली की दुसरी लेखी परीक्षा मी त्याच महिन्यात दिली आणि तिच्यात तर छान पास झाले.

पुन्हा परीक्षा द्यायची तारीख मार्चच्या शेवटी मिळाली. याही वेळी नापास झाली तर जुलैमध्ये तिला सर्जरीच्या वर्षाला घेणार नव्हते. तिची जागा दुसऱ्याला देऊन टाकू, असं विभागप्रमुखांनी स्वच्छ सांगितलं होतं. मग ती पुन्हा नुसती दातांची डॉक्टर. त्यात काय वाईट, माझी कवळी सैल झालीच आहे, असं स्टॅश म्हणाला, आणि मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. त्याला ते कळलं नाही, कारण तो आठवडाभर बहिणीकडे गेला होता.

आता, ती नापास नेमकी कशात झाली हे विचारायची सोय नव्हती. त्या परीक्षेत आत काय घडलं ते बाहेर कोणालाही सांगणार नाही, असं लिहून द्यावं लागतं. बापालाही नाही. म्हणून मी स्वतःच शोध लावला, आणि तो रविवारच्या जेवणाच्या टेबलाशी लागला. रेनाटा पिट्सबर्गला राहते, आमच्या गावापासून पाऊण तासावर. दर रविवारी येते. त्या दिवशी आली, कोट काढला आणि म्हणाली, "कसा आहेस डॅड, जेवतोस ना वेळेवर, गोळ्या घेतोस ना, हां, छान." माझं तोंड उघडेपर्यंत ती फ्रिजमध्ये डोकं घालून बसली होती.

माझी बायको ऑड्री होती तेव्हा हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. कारण उत्तरं ऑड्री द्यायची. मी कसा आहे ते ती रेनाटाला सांगायची आणि रेनाटा कशी आहे ते मला. घरात मी कसा आहे हे मला स्वतःला सांगायची कधी वेळच आली नव्हती.

विचार केल्यावर मला उलगडा झाला. दातांचा डॉक्टर ज्याला प्रश्न विचारतो त्याच्या तोंडात त्या वेळी आरसा, कापूस आणि थुंकी ओढणारी नळी असते. सुट्टीत कुठं जाणार, मुलं कशी आहेत, सगळं विचारतात, आणि उत्तर येतं ते "आँ". कोण थांबेल त्यासाठी? पोरगी वर्षानुवर्षं तेच शिकली होती. प्रश्न विचारायचा, उत्तर आपणच ठरवायचं, पुढं जायचं. आणि दुसरी सवय अशी, की कुठलंही दुखणं असो, आधी तोंड बघायचं.

मी तिला म्हटलं, आपण घरी सराव करू, मी पेशंट होतो. तिने दुखण्यांची कार्डं तयार करून आणली. प्रत्येकावर नाव, वय, तक्रार आणि द्यायची उत्तरं. पहिल्या दिवशी मी डोकेदुखी असलेला ट्रक ड्रायव्हर होतो. ती कोठीच्या दारावर टकटक करून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "डोकं केव्हापासून दुखतंय, उजवीकडे की डावीकडे, उलट्या नाहीत ना, बरं, आ करा." मी आ केला. ती म्हणाली की तुम्ही झोपेत दात खाता. हे कार्डावर नव्हतं, खरं होतं.

मी तोंड उघडून बसलेलो स्टॅशने खिडकीतून पाहिलं आणि चौकशीला आला. त्याच्या मागून बर्निस आली, कारण स्टॅश माझ्याकडे का गेला हे तिला पाहायचं होतं. दोघांनी सल्ले दिले. स्टॅशचं म्हणणं, मी आयुष्यात सगळी दुखणी काढलीत, मला घ्या, नाटक करायची गरज नाही. बर्निसचं म्हणणं, बाप हा काय पेशंट आहे का? परकी माणसं पाहिजेत, आणि बारा पाहिजेत, परीक्षेत असतात तेवढी. मग तिने रेनाटाला एक युक्ती सांगितली, आणि ती मात्र मला पटली. प्रश्न विचारला की मनातल्या मनात 'नमो मरिया' ही छोटी प्रार्थना एकदा म्हणायची. तेवढ्यात माणूस बोलतोच. नाही बोलला तर दुसरी म्हणायची.

"आणि तरी नाही बोलला तर?" रेनाटाने विचारलं.

"मग फादरना बोलवायचं," बर्निस म्हणाली.

बारा माणसं आणि बारा खोल्या कुठून आणायच्या? गावात एकच जागा, फायर हॉल. आमच्याकडे बंब गावातलीच माणसं चालवतात, बिनपगारी. खाली बंब उभा असतो आणि शेजारच्या हॉलमध्ये लग्नं, बिंगो, मतदान आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, म्हणजे लेंटच्या दर शुक्रवारी, मासे तळणं असतं. हॉलची व्यवस्था रॅल्फकडे. रॅल्फ बंबावर जितका धाडसी तितकाच टेबलामागे भित्रा. तो म्हणाला, हॉलच्या विम्यात डॉक्टरी तपासणी बसत नाही. मी म्हटलं, तपासणी नाही, खोटी तपासणी. तो म्हणाला, खोटी तर मुळीच बसत नाही. मी म्हटलं, मग नाटकाची तालीम लिही. तो म्हणाला, नाटक लिहिलं तर स्टेजची पाहणी करायला जिल्ह्याचा माणूस येणार आणि तो मे महिन्यापर्यंत येणार नाही. मी पाणी खात्यात टेबलामागे तीस वर्षं काढलीत. लोकांना परत कसं पाठवायचं हे मला कोणी शिकवायला नको. पण परत पाठवलेला माणूस पायऱ्या उतरताना काय म्हणत असेल, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

शेवटी रॅल्फनेच वाट काढली. मासे तळण्याच्या समितीची बैठक असेल तर कुठलाच नियम आड येत नाही. फक्त ती बैठक मासे तळण्याच्या दिवशीच भरते. म्हणजे शुक्रवारी. म्हणजे मासे तळत असताना.

पेशंट म्हणून रॅल्फचे बंबवाले आले आणि बर्निसच्या पिरोगी करणाऱ्या बायका आल्या. या बायका चर्चच्या तळघरात वर्षानुवर्षं पिठाच्या पारीत बटाटा भरत आल्या आहेत, आणि कार्डावर लिहिलंय म्हणून ऐकणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. दुखण्यांवरून वाद झाले. हृदयविकार तिघांना हवा होता, मूळव्याध कोणालाच नको. रॅल्फने अध्यक्ष या नात्याने हृदयविकार स्वतःकडे घेतला. मधुमेहाचं कार्ड बर्निसने परत केलं, लोक म्हणतील हिच्याच पिरोग्या खाऊन झाला. स्टॅशच्या वाट्याला घसा आला. एवढं किरकोळ दुखणं आपल्याला दिल्याबद्दल तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही, आणि या वेळी मला ते कळलं.

त्या शुक्रवारी आम्ही गोदामातून मतदानाचे जुने पडदे काढले आणि भिंतीलगत बारा कप्पे केले. प्रत्येकात एक स्टूल, एक चादर आणि कागदी झगा घातलेला एक माणूस. झगे एकाच मापाचे आले होते आणि बंबवाले काही एका मापाचे नव्हते. कपड्यांवरून झगा घालायचा हे सांगायला मी विसरलो. त्यामुळे अर्ध्यांनी तो कपड्यांवरून आणि अर्ध्यांनी कपडे काढून घातला होता.

रेनाटा पांढरा कोट घालून आली. ती घाबरली होती. लहानपणी दाराशी उभी राहून एक पाय दुसऱ्या पायावर घासायची, तशी उभी होती. मी तिला म्हटलं, हे सगळे आपलेच आहेत. ती म्हणाली, "तेच तर. डॅड, यांतल्या चौघांचे दात मी ओळखते."

सुरुवात बरी झाली. मग माशांची रांग वाढत वाढत पडद्यांपर्यंत आली. पडदे पाहून एक म्हातारा मतपत्रिका मागायला लागला. बाकीच्यांना वाटलं फुकट तपासणी चालू आहे, आणि मासा हातात घेऊन लोक पडद्यांच्या रांगेत उभे राहिले. कप्प्यातला खोटा पेशंट जरा पाय मोकळे करायला उठला की त्या जागी खरा येऊन बसायचा. खोट्यांचंही काही खरं नव्हतं. डॉक्टर समोर बसलाय आणि पैसे घेत नाही म्हटल्यावर कार्डावरचं दुखणं कोण सांगतो? स्टॅशने घसा बाजूला ठेवून गुडघा सुरू केला. रेनाटाने प्रश्न विचारला आणि बर्निसने सांगितल्याप्रमाणे थांबली. पण मनातल्या मनात म्हणायची नमो मरिया तिच्या ओठांवर दिसत होती. ती आपल्यासाठी प्रार्थना करतेय हे पाहून स्टॅशचा चेहरा पडला. "इतकं वाईट आहे का?" त्याने विचारलं. पडद्याबाहेर येऊन त्याने मला सांगितलं की गुडघ्याचं प्रकरण हाताबाहेर गेलंय.

पुढच्या कप्प्यात एका बाईंनी कवळीच काढून हातात दिली. तिथं मात्र रेनाटा फुलली. कवळी उजेडात धरली, फिरवून पाहिली, कुठं टोचते ते बाईंनी न सांगता तिने सांगितलं. मी पडद्याआडून कुजबुजत होतो, "रेनी, दात नाहीत. या बाई गरोदर आहेत. कार्डावर बघ." त्या बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि त्यांचा कान तिखट होता. त्या मला काय म्हणाल्या ते लिहिण्याजोगं नाही.

आणि रेनाटा हलत नव्हती. वेळ होऊन गेली तरी कवळीच्या मागे. नोव्हेंबरातही असंच झालं असेल, असं माझ्या मनात आलं. मी घंटा वाजवायला धावलो. घंटेची सोय दाराजवळच्या फळीवर होती, बिंगोला वाजवतात ती. फळीवर दोन बटणं होती. कुठलं ते रॅल्फने मला सकाळी दाखवलं होतं. मी दुसरं दाबलं.

ते भोंग्याचं होतं.

आमच्या गावचा भोंगा नदीपलीकडे ऐकू जातो. तो वाजला की बंबवाल्याचं अंग आपोआप उठतं, मग तो जेवत असो की लग्नाला उभा असो. मी "चुकून" म्हणेपर्यंत सगळे पडदे एकदम उडाले. हृदयविकाराचा रॅल्फ सर्वांत पुढे होता. त्याच्यामागे अर्धांगवायू, दमा आणि दोन मूतखडे. झगे उडवत सगळे बंबावर चढले आणि घंटा घणघणवत नदीकडे निघून गेले. कुठं जायचंय हे कोणालाच माहीत नव्हतं, पण ते त्यांना बरंच पुढे गेल्यावर कळलं. मासे तळणारेही बंबवालेच, त्यामुळे कढया उघड्या पडल्या आणि बर्निसच्या बायका दुखणी टाकून स्वयंपाकघरात पळाल्या.

हॉलमध्ये रिकामी स्टुलं राहिली आणि मधे रेनाटा. तिच्या हातात अजून ती कवळी होती.

"मला नाही जमणार, डॅड," ती म्हणाली. रडत नव्हती. हिशेब सांगावा तसं म्हणाली. "इथं नाही जमत तर तिथं काय जमणार."

मी म्हटलं, एक पेशंट राहिलाय. जमिनीवर पडलेलं एक कार्ड उचललं, एक झगा उचलला आणि कप्प्यात शिरलो. बर्निसला घंटेच्या कामावर बसवलं, पातेलं आणि डाव देऊन. तिला बजावून सांगितलं की आत काहीही होवो, कोणी मरत असो, वेळ झाली की वाजवायचं. ती म्हणाली की हे तू मला सांगू नकोस, पिरोग्या काढायची वेळ माझी कधी चुकली नाही.

कार्डावर पोटदुखी होती. मी ते वाचलं, झग्याच्या नाड्या मागे हात नेऊन बांधायचा प्रयत्न केला, सोडून दिला आणि बसलो.

पडद्याच्या दांडीवर टकटक झाली.

"मिस्टर हुडाक? मी डॉक्टर हुडाक." ती हसली नाही. हात धुतले, स्टूल ओढून माझ्या समोर बसली. "आज कशासाठी आलात?"

"पोट दुखतंय."

"केव्हापासून?"

कार्डावर मंगळवारपासून असं होतं. मी म्हणालो, "ऑक्टोबरपासून."

तिने काही लिहिलं नाही. जेवणाचं विचारलं, मी जे खरं ते सांगितलं. मग तिने सगळ्यांना विचारतात तो प्रश्न विचारला. "घरी तुमच्याबरोबर कोण असतं?"

"कोणी नाही."

आणि ती थांबली. ओठ हलत नव्हते. प्रार्थना वगैरे काही चाललेली नव्हती. नुसती थांबली होती, माझ्याकडे बघत. मला वाटलं आता ती पुढचं विचारेल, किंवा आ करा म्हणेल. तसं काही ती म्हणाली नाही. एवढ्या शांततेत बसायची मला सवय नाही. म्हणून मी बोलायला लागलो.

सूपचा डबा उघडला की अर्धा उरतो, आणि उरलेला मी झाकून ठेवतो, जसं काही कोणी उशिरा जेवणार आहे. हे सांगितलं. फोन वाजला की अजून मी तो तिने घ्यावा म्हणून दोन वेळा वाजू देतो, हे सांगितलं. अंधार पडायच्या आत वर जाऊन तिच्या बाजूचा दिवा लावून येतो, म्हणजे झोपायला जाताना खोली अंधारी नसते. "पोट तेव्हा दुखतं," मी म्हणालो. "जिना चढताना. खाली उतरलं की थांबतं. ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण असं सगळं तीच सांगायची. आणि दुसरं एक—"

बर्निसने पातेलं बडवलं.

रेनाटा उठली. माझ्या गुडघ्यांवरची चादर सरळ केली. "हे तुम्हाला फार कठीण जात असेल, मिस्टर हुडाक," ती म्हणाली. "मी बाहेर जाऊन तुमच्या तपासण्या ठरवते." आणि पडदा सारून निघून गेली.

अगदी बरोबर केलं तिने. घंटेनंतर एक शब्द जास्त नाही. मी तिथंच झग्यात बसून पेशंटने करायच्या खुणा केल्या. टकटक केली, हो. नाव सांगितलं, हो. हात धुतले, हो. उत्तराची वाट पाहिली, हो. धीराचे शब्द बोलली, हो. एकही चौकट रिकामी राहिली नाही. दुसरं एक काय सांगणार होतो ते मलाही नीट माहीत नव्हतं. वाक्य सुरू केलं की पुढचं येतं, तसं काहीतरी येणार होतं. ते आलं असतं तर मलाही कळलं असतं.

बंब परत आला. रॅल्फने मला जे काही ऐकवायचं ते मासे खाणाऱ्या सगळ्या लोकांसमोर ऐकवलं, आणि झगा घातलेल्या माणसाकडून झगा घातलेल्या माणसाने ते ऐकून घेतलं. रेनाटाचं टिपण वेळेत पूर्ण झालं होतं. ती आनंदात होती. बर्निसने तिला कागदात बांधून पिरोग्या दिल्या. गाडीपर्यंत मी तिच्याबरोबर गेलो. आता विचारेल, मग विचारेल, असं मला वाटत होतं. गाडीचं दार उघडून ती म्हणाली, "डॅड, तू त्या सगळ्यांपेक्षा चांगला नट निघालास. मधे एकदा मला खरंच वाटलं."

मी म्हणालो, "कार्ड वाचलं होतं ना."

पुढच्या शुक्रवारी पुन्हा सराव ठरला होता. या वेळी मी पहिल्याच कप्प्यात बसणार होतो, आणि बर्निसला पातेल्याऐवजी कढईकडे पाठवायचं मनात होतं. रॅल्फचीही समजूत काढली होती. पण तो शुक्रवार उजाडेपर्यंत जगभर साथ पसरली होती. हॉल बंद, चर्च बंद, मासे बंद. त्यानंतरच्या आठवड्यात रेनाटाचा फोन आला. परीक्षा थांबवली होती. बंद खोलीत अनोळखी माणसांना एकमेकांसमोर बसवायचं कसं? तिच्या विभागाने सांगितलं की या परीक्षेवाचून तुझं अडवणार नाही, जुलैमध्ये ये. फोनवर ती हसत होती, मधेच रडतही होती. मी म्हणालो, बरं झालं. आणि खरंच बरं झालं होतं. पुढच्या हिवाळ्यात तर ती परीक्षा कायमचीच मोडीत काढली. अख्ख्या पेनसिल्व्हेनियात एक परीक्षा रद्द झाल्याचं वाईट वाटलेला माणूस मी एकटाच असेन, आणि मला ती द्यायचीही नव्हती.

रेनाटा आता जबड्यांची ऑपरेशनं करते. मोटारी आदळून आलेल्या लोकांचे जबडे तारेने बांधते. तिचे पेशंट बहुतेक वेळ भूल दिलेले असतात. तिच्याइतका नीट हात तिथं कोणाचा नाही, असं तिच्या बरोबरचे म्हणतात, आणि हे ऑड्रीला सांगायला मिळालं असतं तर तिने ते मला सात वेळा परत सांगितलं असतं.

कामामुळे दर रविवारी येणं होत नाही, फोन करते. "कसा आहेस, डॅड?" म्हणते, आणि थांबते. पूर्वीसारखं पुढं जात नाही. मागे हॉस्पिटलचे आवाज ऐकू येतात, कोणी तिला हाक मारतं, तरी ती थांबलेली असते. पुष्कळ वेळ थांबते.

"बरा आहे," मी म्हणतो.

ती आणखी थोडी थांबते. मग मी तिला सांगतो की नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद केलाय, येशील तेव्हा वरच्या रस्त्याने ये.